लॉर्ड सॉलिस्बरी: एक माणूस, तीन नावं (१८३०–१९०३)

घाटमाथा

ओरिसाच्या १८६६ च्या दुष्काळाचे कागद उघडले की लंडनचे भारतमंत्री म्हणून 'क्रॅनबोर्न' हे नाव येतं. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांच्या १८७५ च्या प्रकरणात 'सॉलिस्बरी' येतं. आणि १८५० च्या दशकातल्या ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेच्या कामकाजात 'लॉर्ड रॉबर्ट सेसिल' नावाचा बोचरं बोलणारा एक तरुण सभासद भेटतो. हे तिघेही एकच: पुढे तीनदा ब्रिटनचे पंतप्रधान झालेले लॉर्ड सॉलिस्बरी. मराठी लेखांत मात्र त्यांची कधी दोन माणसं होतात, तर कधी 'लॉर्ड रॉबर्ट सॉलिस्बरी' असं तिसरंच नाव तयार होतं. हा धागा त्यासाठी. जाणकारांनी भर घालावी.

ब्रिटिश उमरावांची उतरंड वरून खाली अशी: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. मार्क्वेसकडे सहसा खालच्या दर्जाच्या आणखी एकदोन पदव्या असतात. त्यातली एक त्याचा थोरला मुलगा बाप हयात असेपर्यंत नुसती शिष्टाचार म्हणून वापरतो. कायद्याने तो उमराव नसतो, त्यामुळे कॉमन्स सभेची निवडणूक लढवू शकतो. धाकट्या मुलांना पदवी मिळत नाही, फक्त स्वतःच्या नावाआधी 'लॉर्ड' लागतं, नुसत्या आडनावाआधी नाही. 'लॉर्ड रॉबर्ट सेसिल' किंवा 'लॉर्ड रॉबर्ट' बरोबर, 'लॉर्ड सेसिल' चूक.

आता हे रॉबर्ट यांना लावून पाहा. जन्म ३ फेब्रुवारी १८३०, हॅटफिल्ड हाउस, हर्टफर्डशायर. वडील दुसरे मार्क्वेस ऑफ सॉलिस्बरी. थोरले भाऊ जेम्स हे व्हायकाउंट क्रॅनबोर्न. ते अंध होते आणि १४ जून १८६५ ला वारले. त्या दिवसापर्यंत हे लॉर्ड रॉबर्ट सेसिल. त्या दिवसापासून व्हायकाउंट क्रॅनबोर्न. १२ एप्रिल १८६८ ला वडील गेले आणि हे तिसरे मार्क्वेस झाले, म्हणजे कॉमन्समधून उठून उमरावसभेत. तिथून २२ ऑगस्ट १९०३ ला मृत्यू येईपर्यंत सॉलिस्बरी. कागदावरची तारीख आणि या दोन तारखा ताडून पाहिल्या की नावाचा घोळ उरत नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. १९४० च्या आसपासच्या कागदांत चर्चिल मंत्रिमंडळातले 'क्रॅनबोर्न' दिसतात, ते यांचे नातू, पुढे पाचवे मार्क्वेस झालेले.

निशिगंध

उच्चाराबद्दल दोन शब्द. गावाचं आणि पदवीचं नाव तिकडे 'सॉल्झब्री' असं काहीसं म्हणतात, आणि हे घराणं स्वतःचं आडनाव 'सिसल' असं उच्चारतं. मराठीत सॉलिस्बरी, सॅलिसबरी, सालिसबरी अशी सगळी रूपं छापलेली आहेत. शोध घेताना सगळी रूपं टाकून बघावीत, एकाच रूपावर थांबलात तर निम्मं निसटतं.

घाटमाथा, 'धाकट्याला पदवी नाही' हे आलंच, पण त्याला उत्पन्नही नाही, हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १८६५ पर्यंत हा माणूस मोठ्या घरचा होता, पण पैशाने अगदी बेताचा.

तळटीप

निशिगंध, सहमत. त्यांच्या स्वभावाचा निम्मा उलगडा तिथेच होतो.

ईटनला त्यांना इतका मार आणि छळ सोसावा लागला की पंधराव्या वर्षी वडिलांनी शाळेतून काढून घेतलं. मग घरी शिक्षक. मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च कॉलेज, पण तब्येत ढासळली. उमरावांच्या मुलांना असलेल्या सवलतीने गणितात मानाची चौथी श्रेणी घेऊन ते बाहेर पडले. डॉक्टरांनी समुद्रप्रवास सांगितला, म्हणून १८५१ ते १८५३ केप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. सोन्यासाठी धावत आलेल्या लोकांच्या छावण्या त्यांनी ऑस्ट्रेलियात पाहिल्या.

परत येताच ऑगस्ट १८५३ मध्ये स्टॅमफर्डमधून कॉमन्समध्ये, बिनविरोध. हे कसं जमायचं ते पाहा. स्टॅमफर्ड हे लिंकनशायरमधलं छोटं गाव. लगत बर्ली हाउस, म्हणजे मार्क्वेस ऑफ एक्सेटर यांचा वाडा. तेही सेसिलच, याच घराण्याची थोरली पाती. गावातली घरं, दुकानं, कुळं त्या वाड्याशी बांधलेली. मतदान तेव्हा उघड होतं, गुप्त मतपत्रिका आली १८७२ मध्ये. घरमालक कोणाच्या पाठीशी आहे ते प्रत्येक मतदाराला माहीत, आणि मतदाराने कोणाला मत दिलं ते घरमालकाला माहीत. समोर उभं राहण्यात कोणालाच अर्थ वाटत नसे. १८५३ ते १८६८ या पंधरा वर्षांत त्यांना एकदाही लढत द्यावी लागली नाही. पुढे तीनदा पंतप्रधान झालेल्या माणसाने आयुष्यात एकही निवडणूक लढून जिंकलेली नाही.

पण खासदाराला पगार नव्हता, तो १९११ पासून सुरू झाला. ११ जुलै १८५७ ला त्यांनी जॉर्जिना आल्डरसन यांच्याशी लग्न केलं. त्या न्यायाधीशाच्या कन्या, बुद्धीने तल्लख, पण मागे संपत्ती नाही. वडिलांचा विरोध होता आणि ते लग्नाला आले नाहीत. संसार चालवायला रॉबर्ट यांनी लेखणी धरली. 'सॅटर्डे रिव्ह्यू' साप्ताहिक त्यांच्या मेव्हण्यांच्या मालकीचं होतं, तिथे सहाशेच्या आसपास लेख, बहुतेक निनावी. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या त्रैमासिकात तीसहून अधिक दीर्घ लेख. आठवड्याला ठरलेला मजकूर, ठरलेल्या दिवशी, पैशासाठी. त्यामुळे त्यांच्या सरकारी खलित्यांतही वाक्य कसं टोचतं ते बघा. ही सवय छापखान्याने लावलेली आहे.

वारसा मिळाल्यावर चित्र पालटलं. हर्टफर्डशायर, डॉर्सेट, लँकेशायर वगैरे मिळून सुमारे २०,००० एकर आणि वर्षाला ३३,००० पौंडांच्या घरात उत्पन्न. लंडनमधल्या घरजागेचं भाडं वेगळं.

पानगळ

तळटीप, रेल्वेचा उल्लेख राहिला. ग्रेट ईस्टर्न रेल्वे कंपनी कर्जात बुडालेली होती. १८६८ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि १८७२ पर्यंत राहून तिचे व्यवहार रुळावर आणले. त्या काळी उमरावांची नावं कंपन्यांच्या कागदावर शोभेला असत. हे तसे नव्हते, हिशेब स्वतः तपासत.

कोरांटी

हिशेब स्वतः तपासत, हे खरंच. म्हणूनच ओरिसाबद्दल बोलायला हवं.

६ जुलै १८६६ च्या सुमारास डर्बी यांचं हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचं मंत्रिमंडळ आलं आणि क्रॅनबोर्न वयाच्या ३६ व्या वर्षी भारतमंत्री झाले. ओरिसात आदल्या वर्षीचा पाऊस लवकर गेला होता, भात करपलं होतं. बंगाल सरकारच्या महसूल मंडळाने बाहेरून तांदूळ आणायला नकार दिला. त्यांची समजूत अशी की भाव चढले की व्यापारी आपोआप धान्य आणतील. पण ओरिसाला तेव्हा धड रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती. धान्य येणार ते समुद्रातून, आणि तिथली बंदरं उथळ, उघडी. पावसाळी वारे सुरू झाले की जहाजातून माल उतरवता येत नाही. भाव चढले, पण व्यापारी यायला वाटच नव्हती. सरकार जागं झालं आणि तांदूळ निघाला तोवर मोसमी वारे सुरू झालेले. फॉल्स पॉइंट बंदराला जहाज पोचायचं, पण माल किनाऱ्यावर आणि तिथून आत गावात जायचा नाही. सुमारे दहा लाख माणसं मेली, प्रांताच्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ.

क्रॅनबोर्न यांनी पदावर आल्यावर दोन महिने काही केलं नाही. हे विरोधकाने म्हटलेलं नाही, ते स्वतः पुढे सांगत. आपण दोषातून पूर्ण मोकळे आहोत असं कधीच वाटलं नाही, असंही सांगत. कलकत्त्याहून येणाऱ्या पत्रांत 'काळजीचं कारण नाही' असा सूर होता आणि त्यांनी तो मान्य केला.

घाटमाथा

कोरांटी, थोडं त्यांच्या बाजूनेही. जुलैमध्ये त्यांनी हुकूम धाडला असता तरी बंदरं तोवर बंदच होती. चूक हिवाळ्यात झाली होती, आणि तेव्हा भारतमंत्री दुसरे होते.

कोरांटी

तारखांचं बरोबर आहे, आणि क्रॅनबोर्नही तेच म्हणत. माझा आक्षेप वेगळा आहे. दोन महिने त्यांनी आकडे मागितले नाहीत. कटकमध्ये तांदळाचा भाव काय, किती गोणी निघाल्या, किती उतरल्या, हे विचारलं नाही. आणि हाच माणूस सहा महिन्यांनी मताधिकाराच्या प्रश्नावर एका रविवारी बसून सगळी आकडेमोड स्वतः करतो. तळटीप, तो प्रसंग तुम्ही सांगा.

तळटीप

सांगतो. फेब्रुवारी १८६७. पंतप्रधान डर्बी आणि अर्थमंत्री डिझरेली यांना मताधिकार वाढवायचा होता. शहरी मतदारसंघांत घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येक कुटुंबप्रमुखाला मत, आणि त्याचा जोर कमी करायला पैसेवाल्यांना जादा मत, अशी योजना. मंत्रिमंडळापुढे देशभराच्या बेरजा ठेवल्या गेल्या. बेरजेत तोल बरोबर दिसत होता.

२४ फेब्रुवारीला, रविवारी, क्रॅनबोर्न यांनी तेच आकडे गाववार मांडले. मोठ्या शहरांत श्रीमंत जास्त, त्यामुळे तिथे जादा मतांचा बांध टिकत होता. छोट्या गावांत श्रीमंत मूठभर, तिथे बांध वाहून जात होता. आणि संसदेच्या जागांत छोट्या गावांचा वाटा मोठा. सरासरीने झाकलेली गोष्ट फोड केल्यावर उघडी पडली. त्याच रात्री त्यांनी डर्बींना पत्र धाडलं. सोमवारी पक्षाची बैठक आणि कॉमन्समधलं निवेदन तोंडावर असताना मंत्रिमंडळ घाईने जमलं आणि काही मिनिटांत दुसराच सौम्य मसुदा पुढे केला. लोकांनी त्याला 'दहा मिनिटांचं विधेयक' नाव दिलं. तो मसुदा आठवडाभरही टिकला नाही. २ मार्च १८६७ ला मंत्रिमंडळ मूळ योजनेकडे वळलं, तेव्हा क्रॅनबोर्न, कार्नार्व्हन आणि जनरल पील या तिघांनी राजीनामे दिले.

कायदा झालाच. मतदार दहा लाखांच्या आसपास होते ते वीस लाखांच्या घरात गेले. ऑक्टोबरमध्ये 'क्वार्टर्ली'त त्यांनी स्वपक्षावर जो लेख लिहिला तो आजही वाचावासा वाटतो, इतका तो पेटलेला आहे. मताधिकाराबाबत मी त्यांच्या विरुद्ध बाजूचा आहे, पण मंत्रिपद टाकून देण्याइतका एखादा विचार ज्याला खरा वाटतो त्याचं वजन मानावं लागतं.

जुने दप्तर

भारतमंत्रिपदाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. हे पद आणि गव्हर्नर जनरल यांत गल्लत होते. सॉलिस्बरी पंतप्रधान होण्याआधी दोनदा भारतमंत्री होते (१८६६–६७ आणि १८७४–७८), पण भारतात त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नाही.

१८५८ च्या कायद्याने हे पद तयार झालं. सोबत पंधरा जणांचं इंडिया कौन्सिल, बहुतेक भारतात नोकरी करून परतलेले. भारताच्या महसुलातून खर्च करायचा तर कौन्सिलचं बहुमत लागे. युद्ध, तह, संस्थानांशी गुप्त व्यवहार यांचे कागद 'गुप्त' शेऱ्याने कौन्सिलला न दाखवता जाऊ शकत. आणि भारतमंत्र्यांचा वर्षाचा ५,००० पौंड पगार, त्यांच्या लंडनच्या कचेरीचा खर्च, हे सगळं भारताच्या तिजोरीतून. वसाहतमंत्र्यांचा पगार ब्रिटिश करदाता देई, भारतमंत्र्यांचा इथला शेतकरी.

कागद पाहणाऱ्यांसाठी: खलिते दोन तऱ्हेचे. एक सरकारी, क्रमांक घातलेले, कौन्सिलपुढून गेलेले. दुसरी खासगी पत्रं, भारतमंत्री ते व्हाइसरॉय, बहुधा दर आठवड्याच्या टपालाने. सॉलिस्बरींचं खरं मत खासगी पत्रांत असतं. टपालाला तीनेक आठवडे लागत. १८७० मध्ये सुएझमार्गे मुंबईपर्यंत समुद्री तार आली आणि उत्तर दिवसात मिळू लागलं. १८६६ चे क्रॅनबोर्न आणि १८७५ चे सॉलिस्बरी यांच्या वागण्यातला बराच फरक या तारेने पाडलेला आहे. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांना लंडनची ही ढवळाढवळ फार जाचली.

बडोद्याचं प्रकरण याचाच नमुना. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात सोमल आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झाला. जानेवारीत मल्हाररावांना अटक. चौकशी आयोगात तीन इंग्रज, आणि तीन भारतीय: ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन भारतीय म्हणाले सिद्ध झालं नाही. आता गादीवरून काढायचं तर कोणत्या आधारावर? एप्रिल १८७५ चा जाहीरनामा नीट वाचा. त्यात विषाच्या आरोपावर बोट ठेवलेलं नाही, पदच्युतीचं कारण म्हणून राज्यातला गैरकारभार दिला आहे. राजाला काढलं, पण राज्य खालसा केलं नाही. आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घेऊ दिला आणि २७ मे १८७५ ला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला.

निशिगंध

आणि त्या गोंधळाच्या सुमारास बडोद्याचे दिवाण होते दादाभाई नौरोजी. फेअर यांच्याशी त्यांचं पटलं नाही आणि त्यांनी पद सोडलं. पुढच्या कथेसाठी हे लक्षात ठेवायला हवं.

जुने दप्तर

हो, आणि दादाभाईंनी आयुष्यभर जे वाक्य उगाळलं तेही १८७५ चंच. २६ एप्रिलच्या टिपणात सॉलिस्बरी जमीन महसुलाबद्दल लिहितात. आशय असा: भारताचं रक्त काढायचंच असेल तर नस्तर जिथे रक्त साकळलंय किंवा निदान पुरेसं आहे तिथे लावावं, आधीच अशक्त असलेल्या अंगाला नको.

हे वाक्य अर्धवट उद्धृत होतं म्हणून पूर्ण संदर्भ सांगते. 'भारताला पिळा' असा हुकूम तो नव्हे. शेतकऱ्यावर महसुलाचा बोजा जास्त आहे, शहरं आणि पैसेवाले सुटतात, अशी त्यांची तक्रार होती. महसुलाचा मोठा भाग मोबदल्याशिवाय देशाबाहेर जातो हेही त्यांनी तिथेच कबूल केलं. दादाभाईंना नेमकं हेच हवं होतं: संपत्ती बाहेर वाहते हे खुद्द भारतमंत्र्यांनी लिहून दिलेलं. ते त्यांनी पुनःपुन्हा पुराव्यासारखं मांडलं.

पण लिहिलं एक आणि केलं दुसरं, हे माझं स्पष्ट मत. टिपणानंतर महसूल हलका झाला नाही. १८७६ मध्ये सनदी परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणायचं ठरलं. परीक्षा लंडनला, इंग्रजीतून. एकोणिसाव्या वर्षाच्या आत भारतीय मुलाने तिथे जाऊन तयारी करून बसायचं, म्हणजे दार लोटून घेतल्यासारखंच. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी याच मुद्द्यावर देशभर दौरा केला. मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी कापडावरची आयात जकात उठवा, असा लकडाही सॉलिस्बरींनीच लावला होता. मुंबईच्या गिरण्या तेव्हा नुकत्या उभ्या राहत होत्या.

कोरांटी

दुष्काळाची पुढची साखळी जोडते. ओरिसाची बोच मनात होती म्हणून १८७४ च्या बंगाल-बिहार टंचाईत त्यांनी नॉर्थब्रुक यांच्या मोठ्या खर्चाला पाठिंबा दिला. रिचर्ड टेम्पल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणून गावोगाव पोचवला. मृत्यू फार थोडे झाले. पण खर्च सहा कोटी रुपयांच्या वर गेला आणि टेम्पल यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला.

मग १८७६ मध्ये दख्खन. सोलापूर, पुणे, अहमदनगर, सातारा. आता व्हाइसरॉय लिटन, भारतमंत्री अजून सॉलिस्बरी. लिटन यांनी त्याच टेम्पलना काटकसरीच्या सूचना देऊन पाठवलं. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला १ पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्याएवढी मजुरी आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर आणलं. खडी फोडणाऱ्या माणसाला साडेचारशे ग्रॅम ज्वारी! त्यातून मीठ-मिरची, सरपण आणि घरची न काम करणारी तोंडं. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशींच्या पुढाकाराने, गावागावांची माहिती गोळा करून सरकारला पत्रामागून पत्रं लिहिली. आकडे कसे मागावेत हे सभेने दाखवून दिलं. ते १८६६ मध्ये लंडनने करायला हवं होतं.

पानगळ

धागा जड झालाय, पण हॅटफिल्डच्या विजेवर लिहिल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

घराच्या तळघरात त्यांची प्रयोगशाळा होती. १८६९ पासून रॉयल सोसायटीचे सभासद. १८७३ मध्ये कमी तापमानावरच्या वर्णपटरेषांवर 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये निबंध. १८९४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या ऑक्सफर्ड अधिवेशनाचे अध्यक्ष. सतराव्या शतकातला लाकडी कामाचा वाडा, आणि त्यात १८८१ च्या सुमारास विजेचे दिवे, इंग्लंडमधल्या पहिल्या काही घरांपैकी.

रचना अशी: बागेतून वाहणाऱ्या ली नदीवर लाकूड कापायची गिरणी होती, तिच्या पाणचक्कीवर जनित्र बसवलं. तिथून उघड्या तारा वाड्यापर्यंत. अडचणी तीन. पाण्याचा जोर सारखा नाही, त्यामुळे कधी दिवे विझत्या निखाऱ्यासारखे तांबूस, तर कधी इतके प्रखर की ठिणग्या उडून सगळंच बंद. दुसरं, दिव्यांची संख्या वाढली की तारा तापत. लांब दालनात छताजवळच्या लाकडाने पेट घेतला की घरची मंडळी बसल्या जागेवरून उशा फेकून विझवत. तिसरं सगळ्यात वाईट: तारांवर आवरण नव्हतं. डिसेंबर १८८१ मध्ये बागेतल्या एका कामगाराचा तारेला हात लागून मृत्यू झाला. विजेच्या धक्क्याने झालेल्या इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मृत्यूंपैकी तो एक.

निशिगंध

पंतप्रधानपदाची रचनाही लोकांना गोंधळात टाकते. २३ जून १८८५ ते २८ जानेवारी १८८६, २५ जुलै १८८६ ते ११ ऑगस्ट १८९२, २५ जून १८९५ ते ११ जुलै १९०२ अशा तीन कारकिर्दी. पण 'पंतप्रधान' या पदाला तेव्हा कायद्यात जागाच नव्हती. पगार 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी' या पदाला, आणि १० डाउनिंग स्ट्रीटचं घरही त्याच पदाचं. सॉलिस्बरींनी बहुतेक काळ परराष्ट्र खातं स्वतःकडे ठेवलं आणि ते पद इतरांना दिलं, त्यांत डब्ल्यू. एच. स्मिथ आणि त्यांच्यानंतर भाचा आर्थर बाल्फोर. त्यामुळे हे राहत आर्लिंग्टन स्ट्रीटवरच्या स्वतःच्या घरी, आणि संध्याकाळी किंग्ज क्रॉसहून गाडीने हॅटफिल्डला. बाल्फोर हे बहिणीचा मुलगा, म्हणून भाचाच. मराठीत कुठे कुठे 'पुतण्या' छापलेलं आहे ते चूक. १९०२ मध्ये पंतप्रधानपदही त्याच भाच्याकडे गेलं.

आणि दादाभाई. १८८६ मध्ये ते लंडनच्या होबर्नमधून हरले. नोव्हेंबर १८८८ च्या अखेरीस एडिंबरच्या सभेत सॉलिस्बरी म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देण्याइतपत आपण अजून पुढे आलो आहोत असं वाटत नाही. बडोद्याच्या कागदांतून ज्यांचं नाव त्यांच्या टेबलावरून गेलं असणार, त्या विद्वानाबद्दल पंतप्रधानाने हे बोलावं! देशभर संताप झाला, आणि दादाभाईंचं नाव घरोघर पोचलं ते या एका शब्दामुळे. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीत २,९६१ विरुद्ध २,९५६, पाच मतांनी ते निवडून आले. सॉलिस्बरींचं दुसरं सरकारही त्याच निवडणुकीनंतर गेलं.

घाटमाथा

परराष्ट्र धोरण मुद्दाम थोडक्यात: १८७८ ची बर्लिन परिषद, १८८९ चा आरमार कायदा (आपलं आरमार पुढच्या दोन आरमारांच्या बेरजेएवढं हवं), आफ्रिकेची वाटणी, शेवटी बोअर युद्ध. झिंबाब्वेची राजधानी हरारे १९८२ पर्यंत यांच्याच नावाने ओळखली जाई. त्यावर स्वतंत्र धागा व्हावा.

तळटीप, १८८४ बद्दल लिहिणार होतात.

तळटीप

हो. १८६७ मध्ये जे हरले त्याचं उत्तर त्यांनी १८८४ मध्ये काढलं. तेव्हाचे पंतप्रधान, लिबरल पक्षाचे ग्लॅडस्टन, यांना ग्रामीण मजुरांना मत द्यायचं होतं. सॉलिस्बरींनी उमरावसभेत विधेयक अडवलं: आधी मतदारसंघांची फेरआखणी दाखवा. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच घरी, आर्लिंग्टन स्ट्रीटला, दोन्ही पक्षांचे मोजके लोक बसले. समोर ग्लॅडस्टन यांचे मंत्री सर चार्ल्स डिल्क, ज्यांना प्रत्येक गावाची लोकसंख्या तोंडपाठ.

सूत्र ठरलं ते असं. १५,००० च्या खालच्या गावाची स्वतंत्र जागा रद्द, ते आसपासच्या तालुक्यात विलीन. १५,००० ते ५०,००० ला एक खासदार. ५०,००० ते १,६५,००० ला दोन. त्यावरची शहरं आणि सगळे परगणे एक-एक जागेच्या तुकड्यांत विभागलेले. सॉलिस्बरींचा डोळा या शेवटच्या कलमावर होता. मोठं शहर एकसंध राहिलं तर कामगारवस्तीच्या मतांत उपनगरातला कारकून, दुकानदार, बंगलेवाला बुडून जाई. तुकडे पाडले की उपनगराला स्वतःची जागा मिळते. मतदार तीस लाखांवरून पन्नास लाखांच्या वर गेले आणि तरीही पुढच्या वीसपैकी बहुतेक वर्षं सत्ता हुजूर पक्षाकडे राहिली. गाववार फोड करायची १८६७ ची तीच सवय, या वेळी कामाला आली.

या सूत्रात स्टॅमफर्डही गेलं. लोकसंख्या १५,००० च्या खाली. पंधरा वर्षं बिनविरोध बसवणारी ती जागा १८८५ मध्ये यादीतून पुसली गेली आणि गाव आसपासच्या खेड्यांच्या मतदारसंघात मिसळलं.

कोरांटी

एक दुरुस्ती, कागद वापरणाऱ्यांसाठी. ओरिसाच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल लंडनला आला तोवर क्रॅनबोर्न पदावर नव्हते. मार्च १८६७ पासून भारतमंत्री स्टॅफर्ड नॉर्थकोट, म्हणून त्यापुढच्या खलित्यांवर सही त्यांची. २ ऑगस्ट १८६७ च्या कॉमन्समधल्या चर्चेत जे क्रॅनबोर्न बोलले ते साधे सभासद म्हणून. अधिकाऱ्यांनी अर्थशास्त्राला देव्हाऱ्यात बसवलं आणि माणसं मरू दिली, हा त्या भाषणाचा गाभा. मराठीत हे भाषण 'भारतमंत्र्यांचं निवेदन' म्हणून दिलेलं आढळतं, ते दुरुस्त करावं. ज्या दोन महिन्यांबद्दल ते पुढे बोलत राहिले ते जुलै आणि ऑगस्ट १८६६. त्या महिन्यांतले कलकत्त्याचे कागद आणि लंडनची उत्तरं समोरासमोर ठेवून वाचावीत.

जुने दप्तर

कोरांटी, त्यातला तांदळाचा भाव रुपयाला किती शेर असा दिलेला असतो. आकडा जितका लहान तितकी महागाई जास्त, हे वाचताना उलटं होऊ देऊ नका.